पहिली मोठी क्रूझ: कुठे मोकळीक, कुठे घड्याळ

जुन्या वळणाच्या क्रूझवर जेवायची वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, शेजारी बसणारी माणसंही ठरलेली. शिवाय एक-दोन रात्री सूट-टाय घालूनच जेवायला जायचं. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ही बंधनं काढून टाकली. कधीही या, कुणाहीबरोबर बसा, साधे नीटनेटके कपडे घाला. आज बहुतेक मोठ्या कंपन्या थोड्याफार फरकाने याच पद्धतीने जहाज चालवतात. नवखा माणूस फसतो तो इथेच. तुमची वेळ ठरलेली नाही याचा अर्थ तुमची जागा कुणी राखून ठेवली आहे असा होत नाही, आणि चार हजार माणसांना संध्याकाळी साडेसातलाच भूक लागते. म्हणजे वेळापत्रक कंपनीने करायचं ते आता तुम्ही करायचं, एवढाच काय तो बदल.

तिकीट काढण्याआधी

मुंबईकरांपुढे दोन वाटा आहेत. पहिली बॅलार्ड पिअरहून. सप्टेंबर २०२१ मध्ये इथून सुरू झालेलं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्यांसाठी ओळखलं जातं. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. दुसरी वाट विमानाने सिंगापूर, बार्सिलोना किंवा मायामी गाठून तिथलं महाकाय जहाज पकडण्याची. दोन्हींमधला फरक टनेजवरून कळतो. एम्प्रेस १९९० सालचं, सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांचं. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू केलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ ग्रॉस टनांचं, म्हणजे पाचपट. हा टन वजनाचा नाही, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचा आहे. जागा जास्त तेवढी रेस्टॉरंटं जास्त आणि चालणंही जास्त. ३३० मीटरचं जहाज पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडं लांबच भरतं. मागच्या टोकाला केबिन आणि पुढच्या टोकाला थिएटर असेल तर दिवसातून तीन-चारदा ते अंतर पायी कापावं लागतं.

समुद्र सोसतो की नाही हेच माहीत नसेल, तर पहिल्यांदा मुंबईहून दोन-तीन रात्रींची फेरी करावी आणि मग युरोपचा विचार करावा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईचा हंगाम पावसाळ्याबाहेरचाच धरायचा.

केबिन निवडताना आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपल्या खोलीच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवल्याचा कर्कश आवाज येतो, खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला सगळ्यात शांत. जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे डोलतं, त्यामुळे मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी जाणवते. मळमळणाऱ्यांनी बाल्कनीच्या मोहाने टोकाची वरची खोली घेऊ नये. ‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त तिकीट म्हणजे खोलीचा प्रकार नक्की, जागा मात्र कंपनी देईल ती. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ते टाळा आणि लिफ्टजवळची खोली मागून घ्या.

बिनखिडकीची आतली केबिन साधारण १५० चौरस फुटांची असते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यावरून अंदाज बांधा. चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून किंवा छतातून उतरणारे, शिडी लावून चढायचे. मुलं दहाच्या पुढची असतील तर शेजारच्या दोन आतल्या केबिन घेणं बहुधा जास्त सुखाचं. बाथरूम एक असण्यापेक्षा दोन असणं सकाळी किती मोलाचं, हे मुंबईत वेगळं सांगायला नको.

भाडं नेहमी ‘दोघांत एक केबिन’ या हिशेबाने माणशी सांगितलेलं असतं. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. काही नव्या जहाजांवर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन असतात, त्या आधी बघा. सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि २४ आठवडे किंवा त्यापुढच्या गरोदर स्त्रीला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या फेऱ्यांना बाळाची वयोमर्यादा आणखी वर जाते.

व्हिसा: जिथे माणसं धक्क्यावरूनच परत फिरतात

जहाज ज्या देशांना लागतं त्या प्रत्येक देशाचा नियम तपासायचा, तिथे उतरणार नसलात तरी. युरोपच्या फेरीत बार्सिलोनाहून निघालेलं जहाज मध्ये तुर्कस्तान, मोरोक्को किंवा इंग्लंडला लागलं की तुम्ही शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपी देशांच्या गटाबाहेर) जाऊन पुन्हा आत येता. त्यासाठी मल्टिपल एन्ट्रीचा शेंगेन व्हिसा लागतो. सिंगल एन्ट्री असेल तर चेक-इनच्या टेबलावर थांबवतात आणि भाडं परत मिळत नाही. सिंगापूरचंही तसंच. मलेशिया, थायलंड करून परतताना सिंगापूरमध्ये नव्याने प्रवेश होतो. अर्ज भरताना पूर्ण मार्ग जोडा, आणि व्हिसा हातात आला की त्यावर छापलेली एन्ट्रीची संख्या त्याच मिनिटाला वाचा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने हवी.

विमान आदल्या दिवशी पोहोचेल असंच घ्या. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी उतरणारी कनेक्टिंग फ्लाइट म्हणजे सगळी सहल एका विलंबावर टांगून ठेवणं.

पैशांचा खरा हिशेब

भाड्यात केबिन, मुख्य जेवणगृहं, बुफे, बहुतेक कार्यक्रम, पूल आणि मुलांचा क्लब येतो. बाहेर राहतं ते असं: मद्य, कोल्ड्रिंक, चांगली कॉफी, खास रेस्टॉरंटं, इंटरनेट, स्पा, बंदरावरच्या सहली आणि सर्व्हिस चार्ज, म्हणजे कर्मचाऱ्यांची टीप. हा शेवटचा आकडा लोक विसरतात. परदेशी जहाजांवर तो माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर असतो आणि आपोआप खात्यात चढतो. रोजचे १८ धरले तर चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर, एकही सरबत न पिता. काही कंपन्या तो बुकिंगच्या वेळीच भरू देतात. तसा भरून टाका म्हणजे शेवटी धक्का बसत नाही.

ड्रिंक पॅकेज घेण्याआधी गणित मांडा. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर बाकीच्या प्रौढांनाही घ्यावं लागतं, आणि पॅकेजवर वेगळा सर्व्हिस चार्ज लागतो. ‘मोफत पॅकेज’ असं लिहिलं असलं तरी तो चार्ज सुटत नाही. दिवसाला पाच-सहा पेये होत नसतील तर सुटं विकत घेणं स्वस्त. पाणी, साधा चहा, साधी कॉफी बुफेवर फुकट असते.

जहाजावर रोख चालत नाही. जे कार्ड खोलीची चावी, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. ते तुमच्या बँकेच्या कार्डाशी जोडलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा वाढवा. डेबिट कार्ड जोडू नका. जहाज अंदाजाने रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला काही दिवस जातात, तेवढा काळ तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत.

प्रवास विमा घेताना ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ (आजारी माणसाला जहाजावरून इस्पितळात हलवण्याचा खर्च) हा शब्द शोधा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो पैसे घेतो, डॉलरमध्ये. भारतातली नेहमीची आरोग्य पॉलिसी तिथे सहसा उपयोगाची नाही.

बॅग

इस्त्री, किटली, राइस कुकर, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन: यातलं काहीही चालत नाही. कारण एकच, आग. समुद्रात अग्निशमन दल बोलावता येत नाही. स्कॅनरमध्ये अशी वस्तू दिसली की बॅग केबिनपर्यंत येतच नाही, खाली सुरक्षा कक्षात जाऊन सोडवून आणावी लागते. संध्याकाळी सातपर्यंत बॅग आली नाही तर पहिला संशय इस्त्रीवर घ्या.

प्लग अमेरिकी चपट्या पिनांचे आणि युरोपी गोल पिनांचे असतात, तेही मोजके. आपली तीन पिनांची पिन बसत नाही. साधा ॲडाप्टर आणि तीन-चार यूएसबी तोंडांचा चार्जर घ्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक मस्त चिकटतात. चार-सहा हुक नेले की टोप्या, पर्स, ओले पोहण्याचे कपडे यांची सोय होते. बाथरूममध्ये ओढून लावायची एक दोरी असते, तिच्यावर दोन कपड्यांपलीकडे काही मावत नाही आणि आतल्या केबिनमध्ये सुती कपडा दीड दिवस वाळत नाही. बाल्कनीत वाळत घालायला मनाई असते, वारा ते कपडे थेट समुद्राला देतो.

परदेशी जहाजांवर जेट स्प्रे सहसा नसतो. प्रवासी बिडेची छोटी बाटली न्या. संडास व्हॅक्युमचा असतो. टिश्यूखेरीज काहीही टाकलं की तुंबतो, आणि एका पाइपवरच्या आठ-दहा शेजाऱ्यांचाही बंद होतो.

पूलमध्ये पोहण्याचे कपडे सक्तीचे. सुती टी-शर्ट, लेगिंग चालत नाही, त्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. डायपर घालणाऱ्या बाळांना मोठ्या पूलमध्ये उतरवत नाहीत. आत एसी गार असतो, म्हणून उन्हाळी सहलीतही एक शाल घ्या. खास रेस्टॉरंटांत संध्याकाळी पुरुषांना हाफ पँट किंवा स्लिपरवर बऱ्याचदा अडवतात, तेवढी एक फुल पँट हवी. साडी कुठेही चालते, फक्त वरच्या डेकवर वाऱ्यात सावरावी लागते.

घरी केलेलं जेवण नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटं बहुतेक ठिकाणी चालतात. उपास करणाऱ्यांनी राजगिऱ्याचे लाडू, चिक्की अशी पाकिटं न्यावीत. साबुदाणा जहाजावर विचारूच नका, पण दही, फळं, उकडलेला बटाटा नक्की मिळतो. जहाजावरचं सफरचंद खिशात घालून बंदरावर मात्र उतरू नका, कित्येक देशांत फळं नेण्यावर दंड आहे.

चढण्याचा दिवस

मुंबईत टॅक्सीवाल्याला ‘बॅलार्ड पिअरचं ग्रीन गेट’ सांगा. सीएसएमटीहून अंतर थोडं आहे, पण बॅगा ओढत जाऊ नका. रविवार असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा. वेब चेक-इन करताना येण्याची वेळ निवडावी लागते. ती पाळा. लवकर गेलात तर बाहेर उभे राहाल. गेट सुटण्याच्या तासभर ते दोन तास आधी बंद होतं, आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही.

छापलेले टॅग लावून मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्यायच्या. त्या संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर, दागिने आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला तर ती बॅग शेकडो बॅगांत शोधेपर्यंत तुम्ही टेबलासमोर बसून राहता.

आत पाऊल ठेवल्यावरची दुपार सगळ्यात महत्त्वाची. क्रम असा ठेवा:

१. फोन विमान मोडवर टाका आणि जहाजाचं वाय-फाय जोडा. क्रूझ कंपनीचं ॲप चालायला इंटरनेट पॅकेज लागत नाही. विमान मोड विसरलात तर फोन जहाजाच्या सॅटेलाइट टॉवरला लागतो, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये तो धरलेला नसतो. हजारोंची बिलं येतात ती इथून.

२. ॲपमध्ये नाटक, संगीताचे कार्यक्रम, खास रेस्टॉरंट यांची जागा आताच पक्की करा. फुकट कार्यक्रमालाही आरक्षण लागतं. सातला जाऊन बघू असं म्हणणारे मागच्या खांबामागे बसतात.

३. मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याचा सराव, उरका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती करणं बंधनकारक आहे. हल्ली ॲपवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघून आपल्या नेमलेल्या जागी कार्ड दाखवायचं असतं, दहा मिनिटांचं काम. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. हा आवाज मुलांनाही ऐकवून ठेवा. ड्रिल टाळली तर तुमचं नाव पुकारतात.

४. यानंतर बुफे. दुपारी बारा ते दोन तिथे सगळं जहाज लोटतं. मुख्य जेवणगृहांपैकी एखादं बहुधा उघडं असतं, तिथे टेबल लगेच मिळतं.

वाट चुकणं ठरलेलंच आहे. नॉर्वेजियनच्या बऱ्याच जहाजांवर कॉरिडॉरच्या गालिच्यावर मासे विणलेले असतात आणि त्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या दिशेला असतात. काही ठिकाणी खोल्यांचे सम आकडे एका बाजूला, विषम दुसऱ्या. पहिल्या दिवशी हे एकदा बघून घेतलं की उरलेला आठवडा लिफ्टसमोर विचार करत उभं राहावं लागत नाही.

बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडू नका. दोन्हींमधून वारा असा घुसतो की जड दार बंदुकीसारखं आदळतं. बोटं चेंगरतात ती यातच. बऱ्याच जहाजांवर बाल्कनी उघडताच एसीही बंद पडतो.

जेवण

फ्रीस्टाइलमध्ये साडेसहा ते साडेआठ ही चेंगराचेंगरीची वेळ. साडेपाचला जा किंवा पावणेनऊनंतर. उशिरा जेवायची मुंबईकरांची सवय इथे फायद्याची ठरते. सहाहून मोठा गट असेल तर टेबल आधी राखा, नाहीतर निम्मे लोक इकडे आणि निम्मे तिकडे.

शाकाहारींनी, आणि जैनांनी तर नक्कीच, बुकिंगच्या वेळी आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा लेखी कळवावं. जहाजावर पोहोचल्यावर मुख्य जेवणगृहाच्या हेड वेटरला भेटा आणि आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं सांगा. डाळ-भात, भाजी, पोळी असं बरंच काही करून मिळतं, फक्त आयत्या वेळी नाही. कर्मचाऱ्यांत भारतीय बरेच असतात, गोव्याचे तर हमखास. मराठी-कोकणीत विचारलंत की मेनूवर नसलेली उत्तरं मिळतात.

‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नका. टोमॅटो सूप चिकनच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, पुडिंगमध्ये जिलेटिन, केकमध्ये अंडं आणि परमेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. पदार्थाचं नाव न विचारता ‘यात हे आहे का’ असं विचारा.

बुफेच्या दाराशी हात धुवा, साबणाने. नोरोव्हायरस हा पोटाचा आजार जहाजावर झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझर त्यावर पुरेसा चालत नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका. केबिनमध्ये थांबायला सांगतात, पण वेळेत कळवलं तर घरातले बाकीचे वाचतात.

समुद्रातला दिवस आणि पोट

जहाजाच्या बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवी झुलणी कमी करतात, पुढची-मागची नाही. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग थोडा. ती तासभर आधी घ्यावी लागते. आपल्याकडे मिळणारी प्रोमेथाझिनची गोळी झोप आणते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. रिकाम्या पोटी राहू नका, फोनमध्ये डोकं घालू नका, वर येऊन क्षितिजाकडे बघा. आतल्या केबिनमध्ये आडवं पडूनही बरं वाटतं, मात्र डोळे मिटून.

दुकानं आणि कॅसिनो जहाज बंदरात असताना बंद असतात, समुद्रात आत गेल्यावर उघडतात. सकाळी सातला टॉवेल टाकून पूलच्या खुर्च्या अडवणारे लोक सगळ्या देशांतले असतात. अर्धा-पाऊण तास कुणी नसेल तर कर्मचारी टॉवेल उचलतात, त्यांना सांगा, भांडू नका.

बंदराचा दिवस

‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची, वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. फोन बंदरावरच्या टॉवरची वेळ घेतो, आणि दोन्हींत तासाचा फरक पडू शकतो. यासाठी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. जहाजातर्फे घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. मग पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं.

त्यात बंदराचं नाव आणि शहर यांत अंतर असतं. ‘रोम’ म्हणून छापलेलं चिविटावेकिया रोमपासून सुमारे ८० किलोमीटर, ‘फ्लॉरेन्स’चं लिवोर्नो ९०, ‘पॅरिस’चं ल आव्र तर जवळजवळ २००. अशा ठिकाणी पहिल्या खेपेला जहाजाची सहल घ्या, महाग असली तरी. शहर धक्क्यालाच लागून असेल तर पायी फिरा आणि ते पैसे वाचवा. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागतच नाही, छोट्या टेंडर बोटींनी जावं लागतं. टोकन घ्यायला लवकर रांगेत उभे राहा, आणि लाटा मोठ्या असतील तर ते बंदर रद्द होऊ शकतं हे धरून चाला.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून रात्री अकराच्या सुमारास दाराबाहेर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि औषधं आधी बाजूला काढा. सगळं भरून टाकून सकाळी पायजम्यात उतरावं लागलेली माणसं जवळपास प्रत्येक फेरीत निघतात. आपल्या बॅगा आपण उचलू शकत असाल तर ‘स्वतः उतरणे’ निवडा, सगळ्यात आधी बाहेर पडता.

बिल ॲपवर रोज बघत चला. न घेतलेलं पेय चढलेलं असेल तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसला सांगा. शेवटच्या सकाळी तिथली रांग चर्चगेटच्या तिकीट खिडकीला लाजवते. जहाज सहा-सातला लागलं तरी इमिग्रेशन आणि बॅगा धरून दहा वाजतात, म्हणून परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. मुंबईत उतरताना परदेशातून आणलेलं मद्य माणशी दोन लिटरपर्यंत शुल्कमुक्त आहे.

घरी आल्यावर दिवस-दोन दिवस बाथरूममध्ये उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी वाटते. ते कानातल्या तोलामुळे, औषध लागत नाही. आठवड्यानंतरही गेलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.